सगळ्यांना पटेपर्यंत

आत्याजवळ तक्रार करणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या गळ्यात धोंड बांधून घेणं. जो तक्रार करेल त्याच्याकडे ते काम, असा आमच्या वसाहतीचा कायदा होता आणि तो आत्यानेच केलेला होता. मी इथे राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात तोंड उघडून बसले. मोरीच्या पाण्याचा वास येतो, एवढंच म्हणाले. आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अच्छा, वास तुला येऊन राहिला? मग जाळी बी तूच साफ करत जा." त्या दिवसापासून साऱ्या इमारतीचं खरकटं अडवणारी ती जाळी माझ्याकडे आहे. दिवसभर शाळेत पोरांपुढे घसा फोडायचा आणि घरी येऊन लोकांच्या पानातला भात उपसायचा, असं माझं आयुष्य तिने करून ठेवलं.

ती नात्याने कोणाचीच आत्या नव्हती. नवरा फॅक्टरीत कामाला होता, तो गेल्यावर एकटीच राहायची, मुलगा पुण्याला. आमची वसाहत इकडे हिंदी मुलखात, शहराबाहेर तिलवाऱ्याच्या रस्त्यावर. गृहनिर्माण मंडळाने कमी पगाराच्या लोकांसाठी बांधलेल्या दुमजली इमारती, मधोमध मोठं अंगण. घरांचा ताबा देताना मंडळाने देखभाल रहिवाशांच्या समितीवर सोपवली. दुसरीकडे अशी समिती कागदावर असते आणि लोक सुखाने राहतात. आमच्या नशिबी आत्या होती.

पाण्याचं तिला वेड होतं. मोरीचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, ते खडीतून आणि कर्दळीच्या वाफ्यातून फिरवून केळींना. गच्चीवरचं पावसाचं पाणी विहिरीत. आणि अंगणात सिमेंटचा एक थेंब पडता कामा नये. काही म्हणायला जावं तर तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "चेरीतालमध्ये ताल कुठे आहे ते दाखव मला. आधी झाकलं, मग बांधलं, आता टँकरची वाट पाहून राहिले." चेरीताल ही शहरातली वस्ती, तिथलं तळं आता फक्त नावात उरलेलं. अंगणात तिने लावलेला कडुलिंब चांगला फोफावला होता आणि मे महिन्यातसुद्धा खालच्या घरांतली दुपार पंख्यावर निभायची, हे मलाही मान्य करावं लागतं. पण ती समोर असताना कधी मान्य केलं नाही. केलं असतं तर झाडाची जबाबदारीही माझ्याकडे आली असती.

सगळ्यात जीव खायच्या त्या तिच्या बैठका. नावाला बैठक, बसायचं कोणीच नाही. सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं आणि सगळ्यांना पटेपर्यंत हलायचं नाही. एकाने जरी मान हलवली नाही तर ते ठरलं नाही. कपडे वाळत घालायची तार कुठे बांधायची, यावर एकदा आमचे पाय सुजले. तळमजल्यावरचे दुबे भैया वैतागून म्हणाले, "आत्याजी, वोटिंग करा लो ना. पाँच मिनट का काम है." आत्या शांतपणे म्हणाली, "हात मोजून घर चालते काय, भैया? जो हारेगा, वो भी तो यहीं रहेगा." तार शेवटी दुबे भैयांना हवी तिथेच बांधली, पण त्यासाठी त्यांना प्रत्येक दारी जाऊन पटवावं लागलं. तेव्हापासून त्या तारेवर कोणी चिखलाचं पायपुसणं टाकलं तरी ते धावून जातात.

मग मंडळाने अंगणात सिमेंटचे पेवर ब्लॉक फुकट लावून द्यायची तयारी दाखवली. सगळे खूश. मी तर सगळ्यांत जास्त, कारण बाबांना नुकताच अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. वॉकर घेऊन ते कसेबसे जिना उतरायचे, पण पावसाळ्यात अंगणाचा चिखल पाहून परत फिरायचे. पुढेपुढे उतरायचेही थांबले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. आणि एकटी आत्या तेवढी नाही म्हणत होती.

त्या बैठकीला मी बाबांना मुद्दाम खाली आणलं. एवढंच नाही, त्यांच्यासाठी खुर्चीही आणली आणि ती आत्याच्या समोर दाणकन ठेवली. आज हिला काय बोलायचं ते बोलूच दे, अशी तयारी करून आले होते. आत्या म्हणाली, "त्यांना बसू दे. तू उभी राहा." मी तासभर भांडले. तुमच्या केळी महत्त्वाच्या की माझा बाप, इथपर्यंत गेले. आत्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि बाबांकडे वळून विचारलं, "दादा, तुम्हाला काय पाहिजे?"

मला वाटलं, बाबा नुसतं माझ्याकडे पाहतील. झटक्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. पण ते जड जिभेने म्हणाले, "मला एक वाट पुरे. वॉकरपुरती. सारं अंगण काहून झाकता?"

जिन्यापासून फाटकापर्यंत दगडी लाद्यांची एक पाऊलवाट करायची, बाकी माती तशीच ठेवायची, हे सगळ्यांना पटलं. आणि काम कोणाकडे? अर्थात बाबांकडे. मी कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्या दिवसापासून बाबा कडुलिंबाखाली खुर्ची टाकून मिस्त्रीवर खेकसू लागले. वाट झाल्यावरही खुर्ची तिथेच राहिली. संध्याकाळी शाळेतून आले की फाटकातूनच त्यांचा आवाज ऐकू यायचा. आत्याचे माझ्यावर बरेच उपकार आहेत, पण हा एक मी विसरू शकत नाही.

गेल्या वर्षी तिचे गुडघे पार गेले आणि मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. जाण्याआधी आम्ही हात जोडले, कोणाला तरी तुमच्या जागी नेमून जा. "राजगादी आहे काय?" म्हणाली आणि गाडीत बसली. मला इतका राग आला की मी नीट निरोपही दिला नाही.

त्यानंतर पेवर ब्लॉक यायला कितीसा वेळ लागणार? मी शाळेत असताना दुबे भैयांच्या घरी बैठक झाली. सगळे खुर्च्यांवर बसले, चहा झाला, हात वर झाले, ठरलं. आठवड्याभरात अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत झाकलं गेलं, बाबांची वाटही त्यात गेली. आता चालायला कुठेही अडत नाही. फक्त या उन्हाळ्यात ते ब्लॉक असे तापले की सूर्य बुडाला तरी झाडाखाली बसवेना. बाबा पुन्हा वर, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

आत्या दर रविवारी फोन करते. "कोण भांडून राहिलं आजकाल?" हा पहिला प्रश्न. मी काहीतरी सांगते. अंगणाचं मात्र सांगितलं नव्हतं. पुण्यात अकराव्या मजल्यावर बसून ती काय करणार होती? मागच्या रविवारी तिने विचारलं, "अन् दादा? झाडाखाली बसतात ना संध्याकाळी?"

"हो," मी म्हणाले.

बाबा पलंगावर कुशीवर वळले आणि त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

"अंगण गेलं, आत्या," ते म्हणाले. "ब्लॉक लावले. तापून राहिले नुसते. मी नाही जात खाली."

आत्याचा आवाज असा की फोन कानाला न लावताही खोलीभर ऐकू येतो. मला वाटलं, आता रडेल. पण तिने विचारलं, "तुम्ही हो म्हटलं होतं?"

"मला कोणी विचारलंच नाही."

"मग ठरलं कुठे?" आत्या म्हणाली.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि वॉकर मागितला. जरा ऊन उतरू द्या, मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. दुबे भैया घरी आहेत का बघून ये, म्हणाले.