बेंदराची बॅटरी

लालासाहेब सैन्यात सिग्नलला होते. पेन्शनीवर आले तेव्हा गावाला वाटलं, आता ऊस बघतील. ह्या बाबानं हौशी रेडिओचं लायसन काढलं आणि घरावर अँटेना चढवली. कृष्णाकाठचं आमचं गाव त्यांना तोंडावर 'बिनतारी' म्हणायचं. त्याला ते चिडायचे नाहीत. रेडिओच्या बॅटरीला कुणी हात लावला की मात्र भडकायचे. तिच्यावर लाल रंगात लिहिलंच होतं : हात लावू नये. "ऐकायला रेडिओ थोडंच पितो, बोलायला घटाघटा," हे त्यांनी गावात प्रत्येकाला ऐकवलेलं.

त्या वर्षी बैलांचा सण बेंदूर झाला आणि पाठोपाठ पूर आला. वीज गेली, मोबाईलचा टॉवर मेला. आम्ही सगळे शाळेच्या माडीवर. तिथंच शालूबाईच्या सुनेला, राणीला, कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते आणि रक्त जायला लागलं होतं. उजेड आहे तोवर तिला मिरजेच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. सकाळची बोट पुलाकडून आली, बुडालेल्या तारेच्या कुंपणात इंजिनाचा पंखा अडकून माघारी गेली. आता निरोप द्यायचा तो एवढाच : बोट माळाच्या बाजूनं धाडा.

लालासाहेबांनी घरनं आणलेला रेडिओ अँटेना जोडून लावला. मीटर म्हणतोय बॅटरी भरलेली. सांगलीत विश्रामबागेत बसलेल्या, त्यांच्यासारख्याच हौशी रेडिओवाल्या जयराजचा आवाज खणखणीत येत होता. लालासाहेबांनी बोलायचं बटण दाबलं आणि रेडिओ विझला. सोडलं की पेटायचा, दाबलं की विझायचा.

"मंगल, बॅटरीवरनं तुझा लॅपटॉप काढ."

"काका, कोण कुठल्या छपरावर अडकलंय ते त्यात हाय."

"काढ म्हणतो न्हवं."

काढला. पुरापुरते त्यांनीच जोडू दिलेले लोकांचे मोबाईलही उपटले. तरी तेच. मग त्यांनी मीटर बॅटरीला धरून बटण दाबलं. आकडा धाडकन खाली आला, म्हणजे बॅटरीतच दम नव्हता.

"एरवी तुमच्या बॅटरीला तर कोण हात लावत न्हाई," मी म्हटलं.

त्यांचे थोरले बंधू हंबीरराव खाली बघत बोलले, "बेंदराला आमच्या ट्रॅक्टरला ह्याच बॅटरीवर स्पीकर लावला हुता."

"मीच दिली," लालासाहेब म्हणाले. "पार निपचित होऊन आली. चार्जरला लावली, मीटर भरली म्हणाला. बोलून काय बघितलं न्हाई."

माझं डोकं सटकलं. "गावाला पाटी आणि भावाला बॅटरी, व्हय काका?"

"शिव्या मागनं दे. फवारणीचे पंप गोळा कर."

पुरात माणसं काय काय वर आणतात. कोंबड्या, शेगड्या, आणि पाठीवर अडकवायचे बॅटरीचे पंप. मी आरडाओरडा करून असतील तेवढे ओढून आणले. लालासाहेबांनी बुडं उघडली, औषधाचा उग्र वास सुटला. आतल्या लहान बॅटऱ्या त्यांनी एकमेकींना जोडल्या, अधिकला अधिक, उण्याला उणं. पलीकडं राणी ओठ चावून पडलेली. तिचं कण्हणं थांबलं की शालूबाई तिच्या नाकापाशी हात धरायची.

रेडिओची ताकद अगदी कमी केली. बटण दाबलं. दिवा मंद झाला, पण विझला नाही.

"जयराज, बोट पुलाकडनं नको, माळाकडनं. बाळंतपण हाय, रक्त जातंय. परत सांग."

खरखर. मग, "बोट पुलाकडून..." आणि पुन्हा खरखर.

लालासाहेबांचा हात बटणावर गेला नि तिथंच थांबला. बटण दाबलं तर जयराजचं बोलणं ऐकू येणार नव्हतं.

"...नको, माळाकडून. समजलं. बोट निघतेय."

ऊन कलायच्या आत बोट आली, माळाकडून. राणीला चादरीत घालून उतरवली. बोटीतनं शालूबाई म्हणाली, "भावजी, आमचा पंप होता तसा करून ठिवा."

"फवारायला रान कुठं दिसतंय वैनी?"

"दिसंल की."

अंधार पडता पडता जयराज बोलला, "मिरजेहून कळलंय. मुलगी झाली, दोघी जगल्यात."

लालासाहेबांचा हात बटणाकडं गेला आणि मागं आला. उरलेल्या बॅटरीवर छपरांवरची माणसं अजून सांगायची होती.

"बाहेर काढ तुझा लॅपटॉप," ते म्हणाले. "जोडू नको. हाय त्या चार्जिंगवर यादी वाच."