मामांचा तांबेरा

अख्ख्या नाशिकात रोगाची प्रकृती जपणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सत्तरच्या दशकात शेतकी खात्यातून निवृत्त होऊन मामा नाशिकरोडला आमच्या शेजारी राहायला आले ते तीस कुंड्या घेऊनच. कुंड्यांत सातू, म्हणजे जव, आणि सातूच्या पानांवर तांबेरा. पिकाला रोग लागू नये म्हणून लोक धडपडतात. मामा रोगाला काही होऊ नये म्हणून धडपडत. तांबेरा जिवंत पानावरच जगतो, त्यामुळे पान वाळायच्या आत त्यावरची तांबूस पूड ते कुंचल्याने नव्या रोपांवर उतरवत. उन्हाळ्यात स्वतः घामाने निथळत बसत, आणि घरातला एकुलता एक वाळ्याचा पडदा कुंड्यांना लावत.

त्यांच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असे. आमच्या मुलीला ताप आला तेव्हा ते धावत आले, थर्मामीटर काढलं, खोलीचं तापमान वहीत लिहिलं आणि परत गेले. भिंगाखाली पान धरून त्यावरचे फोड मोजणं हा तर रोजचा नेम. भरल्या पंगतीत मला म्हणाले, "दाटी झाली की कुणाचंच पोट भरत नाही, जावईबापू. पानावर तीनशे फोड असले की सगळे किरटे. तीनच असू द्या, एकेक कसा पूड ओकतो बघा!" शेजारच्या गृहस्थाने हातातली जिलबी खाली ठेवली.

मी हसायचो. मग एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं. नोकरीत असताना त्र्यंबकजवळचा एक शेतकरी त्यांच्याकडे पानं घेऊन आला होता. पिंडांसाठी लागणारा सातू तो पिकवायचा. पानावर तांबेऱ्याचे चारच ठिपके, आणि थंडी कडाक्याची. "घाबरू नका," मामांनी सांगितलं. आठवड्यात ऊब आली आणि सगळं शेत तांबडं झालं. "किती उबेत, किती दाटीत तो किती पसरतो, हे मला ठाऊक नव्हतं," मामा म्हणाले, "तरी मी सांगितलं. आता कुणाला चुकीचं सांगायचं नाही." कुंड्यांतला तांबेरा त्याच शेतातला होता. अकरा वर्षं त्यांनी तो जगवला होता.

पुढे एका माघात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते दहा दिवस दवाखान्यात राहिले. कुंड्या माझ्यावर सोपवल्या. मला एकलहऱ्याला कामावर जायचं असे, म्हणून गावाहून आलेल्या माझ्या वडिलांना मी पाणी घालायला सांगितलं. रोग जपायचा आहे, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला ते बघवेना.

"पाव्हण्यांची झाडं लय आजारली व्हती," वडील मला कौतुकाने दाखवू लागले. "रोगी पानं खुडून चुलीत घातली, गंधक मारला. आता कशी हायेत बघ!"

मी एकेक पान उलटून पाहिलं, ठिपका कुठेच नव्हता. मामा परतले, डोळ्यावर हिरवी पट्टी. एक पान त्यांनी बोटांत चोळलं. बोट स्वच्छ होतं. मी मान खाली घातली. त्यांनी एकवार माझ्या वडिलांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, हाताला गुण आहे तुमच्या." मग आत जाऊन त्यांनी वही मिटली. त्यानंतर त्यांनी सातू पेरला नाही.

दोन वर्षांनी मामा गेले. वही आणि थर्मामीटर माझ्याकडे आलं. वहीतले आकडे वाचता वाचता मलाही थोडंफार कळू लागलं, आणि पुढच्या थंडीत मी मुद्दाम त्र्यंबकच्या त्या शेतकऱ्याचं शेत शोधत गेलो. सातू चांगला हिरवा होता. वाकून पाहिलं, तर एका पानावर चार ठिपके. थर्मामीटर धरून पाहिलं. थंडी ओसरली होती.

"चारच हायेत भाऊ," शेतकरी म्हणाला. "घाबरायचं काय नाय ना?"

"घाबरा," मी म्हणालो. "आजच गंधक मारा."

तो लगबगीने घराकडे गेला. मी त्या पानावरून बोट फिरवलं. बोटाला तांबूस पूड लागली. हे बोट मामांना दाखवावं असं फार वाटलं. घरी पोचेपर्यंत मी ते कशालाच पुसलं नाही.