पेरूच्या टोपलीमागची स्पीड गन

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी एम.टेक.ला प्रवेश घेतला, तेव्हा सासूबाईंनी कौतुकानं शेजारणीला सांगितलं, "सूनबाई आता ट्रान्सपोर्टचं शिकतीय." दुसऱ्याच दिवशी शेजारीण विचारायला आली, "बार्शीला एक कपाट पाठवायचंय. तुमचा टेम्पो किती घेईल?"

मी तिला समजावून सांगितलं, की ट्रान्सपोर्ट इंजिनिअरिंग म्हणजे रस्त्यावरून कोण जातं, कशानं जातं, किती वेगानं जातं याचा अभ्यास. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे टेम्पो नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि गेली.

वर्गात आम्ही सहा जण. त्यातली दोन मुलं पॉलिटेक्निकात डिप्लोमाला माझ्याच हाताखाली शिकून गेलेली. पहिला आठवडाभर ती माझ्याशेजारी पाठ ताठ करून बसायची आणि पाण्याची बाटली मागतानासुद्धा "मॅडम, मे आय" म्हणायची. पहिल्या चाचणीत मला त्या दोघांपेक्षा कमी गुण पडले आणि त्यांचा संकोच कायमचा गेला.

आमचे सर निवृत्तीला आलेले, सडपातळ, कमी बोलणारे. कुठलाही प्रश्न विचारला तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी रस्ता बघून या." पहिल्या सत्रात त्यांनी आम्हाला वाहनं मोजायला सात रस्ता नावाच्या चौकात नेलं. विद्यार्थी सहा, रस्ते सात. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, तर सर म्हणाले, "सातवा माझा." डोक्यावर ओला रुमाल टाकून ते तीन तास उभे राहिले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. रिक्षा वेगळी, दुचाकी वेगळी, बस वेगळी. नंतर व्हिडिओशी ताडून पाहिलं, तर सगळ्यात कमी चुका त्यांच्याच कागदावर. तोवर मी पॉलिटेक्निकात सात वर्षं रस्ते शिकवत होते. पण रस्त्याच्या कडेला सलग तीन तास उभी मात्र त्या दिवशीच पहिल्यांदा राहिले.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरला. मोहोळच्या पुढं, हमरस्ता सोडून आत जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. रस्त्याच्या एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शाळा. गावाच्या तोंडाशी 'वेगमर्यादा ४०' अशी पाटी. सर म्हणाले, "ही पाटी बघून गाड्या खरंच वेग कमी करतात का, एवढंच शोधा." मग कपाट उघडून, रजिस्टरवर माझी सही घेऊन त्यांनी मला स्पीड गन दिली. दिसायला पिस्तुलासारखी. येणाऱ्या गाडीवर रोखून बटण दाबलं, की मागच्या पडद्यावर तिचा वेग उमटतो.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या एसटीनं गेले, कॉलेजचं हिरवं चमकणारं जॅकेट चढवलं आणि पाटीशेजारी उभी राहून मोजायला लागले. अडतीस, छत्तीस, चाळीस, पस्तीस. दिवसभर सगळ्या गाड्या कशा शहाण्यासारख्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी खुशीत सरांपुढं कागद ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"फार सज्जन लोक आहेत हो त्या भागात."

"हो सर."

"तुम्ही कुठं उभ्या होता?"

"पाटीशेजारी."

"जॅकेट घालून?"

"सुरक्षेसाठी, सर."

"मग हा गाड्यांचा वेग नव्हे, तुमचा धाक मोजलाय तुम्ही," सर म्हणाले. "परत जा. तुम्ही तिथं आहात हे कुणाला कळता कामा नये."

दुसऱ्या खेपेला जॅकेट पिशवीत ठेवून मी एका बाभळीआड उभी राहिले. तासाभरातच बोभाटा झाला. मोटारसायकलवाले समोरून येणाऱ्यांना दिवे दाखवून सावध करायला लागले. एक टेम्पो तर आपणहून थांबला. ड्रायव्हर प्लास्टिकची पिशवी घेऊन खाली उतरला.

"मॅडम, कागजां सब है. पीयूसी बी है."

"अहो, मी पोलीस नाही. मी विद्यार्थिनी आहे."

त्यानं माझ्या कानावरच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. "इस उमर में?"

"हो."

"फिर बी देख लो." त्यानं कागद हातात कोंबलाच. मी बघितला आणि सवयीनं बोलून गेले, "ही पीयूसी मागच्या महिन्यातच संपलीय."

"देखो!" तो मागं वळून क्लीनरला ओरडला. "मैं बोला ना, पुलिसच है!"

रस्त्यापलीकडं मोठ्या छत्रीखाली पेरूच्या टोपल्या मांडून एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, कपाळावर मोठं गोंदण. ती हसून हसून वाकली होती. टेम्पो गेल्यावर तिनं मला हात केला.

"ए बाई, हिकडं ये. काय करतीयास सकाळधरनं त्या काट्यात?"

मी सगळं सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे गाड्यांला कळू न देता बगायचंय व्हय तुला? मग हितं बस की माझ्यापाशी. पेरू इकणाऱ्या बाईकडं कोण बगतंय? बगतेत ते पेरूकडं."

माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणात इतका नेमका सल्ला कुणी दिला नव्हता. माझा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर. विणताना धागा चुकलेली, विकायला न चालणारी एक चादर त्यानं आणून दिली. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन मी टोपल्यांच्या मागं बसले. मांडीवर चादर, चादरीखाली गन, तिचं तोंड दोन टोपल्यांच्या फटीतून रस्त्याकडं.

आणि मग खरे आकडे यायला लागले. बहात्तर. एकोणऐंशी. पासष्ट. पुन्हा ऐंशी. पाटीपाशी सावकाश जाणारे दोनच. एक उसाचे ट्रॅक्टर. ते मोठ्यानं गाणी लावून मुळातच वीसच्या वर जात नव्हते. दुसरी एसटी, कारण तिला तिथं थांबायचंच होतं.

मावशींना (मी त्यांना मावशीच म्हणायला लागले होते) या कामाची गोडी लागली. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून त्या वेग सांगायच्या. "ही सत्तर." मी पडदा बघायचे, अडुसष्ट. चुकल्या की रागवायच्या, माझ्यावर नव्हे, गनवर. कोण गिऱ्हाईक थांबणार हेही त्यांना आधीच कळायचं.

"त्या मोरीपाशी ज्यानं गाडी ढिली सोडली, तो पेरू घेनार. मोरी वलांडली की कुनी न्हाय थांबत."

थांबणाऱ्या गाड्या मला मोजणीतून वगळायच्या होत्या. त्यामुळं त्या मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, गाडी मंदावली, की मावशी आधी मला सांगायच्या, "ही सोड, ही माझी."

त्यांच्याकडं गर्दी झाली, की मीही पेरू कापून मीठ-तिखट लावून द्यायचे. एकदा एक मोटार थांबली आणि आतून आमच्या पॉलिटेक्निकातले एक सहकारी उतरले. पेरू घेताना त्यांनी माझा चेहरा पाहिला. मागं सरकले, परत पुढं आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, घरी काही अडचण आहे का?" मी चादर उचलून गन दाखवली. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही. त्यांनी किलोऐवजी दोन किलो पेरू घेतले.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेच्या बाई रस्ता ओलांडून आमच्याकडं आल्या. चौथीपर्यंतची शाळा, त्यात शिकवणारे दोघंच, या बाई आणि एक गुरुजी. संध्याकाळी पाचला शाळा सुटली, की बाई दोन्ही हात पसरून रस्त्यात उभ्या राहायच्या आणि पोरांना पलीकडं सोडायच्या. हे मी रोज बघत होते.

"पहिल्या दिवशी हिरवं जॅकेट घालून उभ्या होता त्या तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या दिवशी पोरं एका दमात पलीकडं गेली. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. आता का लपता?"

मी म्हटलं, गाड्या एरवी जशा पळतात तशाच पळताना मला मोजायच्या आहेत. मी दिसले, की त्या हळू होतात आणि माझे आकडे खोटे ठरतात.

"त्या कशा पळतात ते आम्हाला माहीत आहे हो," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. पोरांसाठी दोन पेरू घेतले आणि परत गेल्या.

त्या संध्याकाळी पाचला मी नेहमीप्रमाणं टोपलीमागं होते. मोरीवरून एक जीप आली. मावशींनी डोळे मिटले नव्हते. त्या नुसतं "आगं बाई" म्हणाल्या. गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली एक मुलगी रांग सोडून पुढं झाली होती. बाईंनी तिला दप्तराला धरून मागं ओढलं. जीप हॉर्न वाजवत निघून गेली. माझ्या पडद्यावर आकडा होता, शहात्तर. मी तो वहीत लिहिला. मग वही मिटली.

मी उठले, पिशवीतून जॅकेट काढलं आणि अंगात घातलं.

"आता गं?" मावशी म्हणाल्या.

"पाच ते साडेपाच बाहेर उभी राहते. बाकीचा वेळ तुमच्यापाशी."

"आन् तुजं सर?"

"सरांना मी सांगेन."

सरांना सांगितलं. आता ओरडतात असं वाटलं. पण ते म्हणाले, "त्या अर्ध्या तासाचे आकडे वेगळ्या कागदावर ठेवा. फेकू नका. लपलेली बाई आणि दिसणारी बाई, दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडा."

असे बारा दिवस गेले. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर शाळेच्या बाई म्हणाल्या, "ती गन ठेवून जाता येईल का?" रजिस्टरवर माझी सही होती, ते शक्य नव्हतं. गुरुजींनी मात्र गन हातात घेऊन चारी बाजूंनी नीट न्याहाळली आणि विचारलं, "फोटो काढला तर चालेल?"

आठवड्यानं बाईंचा फोन आला, "येऊन बघा." गुरुजींनी नळाच्या पाइपाचा एक तुकडा, पाइप वळवायचा एक कोपर आणि पावडरच्या डब्याचं झाकण जोडून, वर काळा रंग देऊन गन बनवली होती. पालकांनी पाळ्या लावल्या होत्या. मी पोहोचले तेव्हा एक आजोबा धोतर सावरत, एक डोळा मिटून, पाइप रोखून उभे होते. ट्रक कसे नम्रपणे जात होते.

मला हसू आवरेना, पण भीतीही वाटली. "पोलिसाची टोपी नको, शिट्टी नको, कुणाला अडवायचं नाही," मी म्हटलं.

"आमी कुटं काय म्हनतोय?" आजोबा म्हणाले. "पाइप धरून हुबा हाय मी. माझ्या गावात."

सरांना हे सांगितलं, तर ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. इतके हसताना त्यांना कुणीच पाहिलं नसेल. मग एकदम थांबून म्हणाले, "परिणाम मोजलात?"

म्हणून मी पुन्हा एकदा मावशींच्या टोपलीमागं जाऊन बसले आणि खऱ्या गननं खोट्या गनचा परिणाम मोजला. बाहेरगावच्या गाड्या हमखास हळू व्हायच्या. गावातली पोरं मात्र सुसाट यायची आणि "आजोबा, रामराम!" म्हणून हात हलवत जायची. तेही मी प्रबंधात लिहिलं, परिशिष्टात, फोटोसकट.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्या फोटोपाशी थांबले. "हे उपकरण कोणत्या कंपनीचं?"

"नळाचा पाइप आहे, सर."

"याचं कॅलिब्रेशन? अचूकता किती दिवसांनी तपासता?"

मागच्या खुर्चीतून आमचे सर म्हणाले, "दर सोमवारी काळा रंग देतात." परीक्षकांनी आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही फक्त त्या परिशिष्टावर बोललो. मी पास झाले.

पुढं वर्षभरात गावाच्या दोन्ही तोंडांना उंच पांढरे पट्टे आले. त्यावरून गाडी गेली, की बसलेला माणूस हादरतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. ग्रामपंचायतीचा अर्ज लागू पडला, की माझ्या अहवालाची प्रत, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

प्रबंधाची एक बांधलेली प्रत मी शाळेला द्यायला गेले. मुलं भोवती जमली. त्यांना फोटो हवे होते आणि मिळाले आलेख. आजोबांचा फोटो बघून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "आमी कुटं हाय यात?"

मी एक पान उघडून दाखवलं. तिथं लिहिलं होतं, 'शाळकरी पादचारी, संध्याकाळचा गट.' तिनं बोट ठेवून ते वाचलं.

"पादचारी म्हंजे?"

"पायी चालणारी."

"मग आमची नावं?"

मी पिशवीतून पेन काढलं. मी व्हरांड्यात बसले आणि त्या पानाच्या समासात नावं लिहायला लागले. बघता बघता रांग लागली. एकीनं स्वतःच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली. एकाला आडनावही हवं होतं. मग सगळ्यांनाच हवं झालं आणि समास पुरेना, तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर गेले. पाच वाजले तरी रांग संपली नव्हती. बाईंनी घंटा दहा मिनिटं उशिरा दिली. माझी एसटी तेवढ्यात निघून गेली. पुढची साडेसहाला होती.