व्हाया पाटोदा: दोन कुलपांतला गेटवे

मे महिन्यात पाटोद्याला हौसेने कोण जातं? मीही हौसेने गेलो नाही. आमच्या पुण्याच्या कंपनीने तिथल्या एका दूध संघाला गेटवे नावाचा डबा विकला होता आणि तो बसवायला जायच्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचीच पोटं दुखत होती.

संघाचा डेटा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. तिथून आत-बाहेर जाणारी प्रत्येक माहिती आधी पाटोद्यातल्या या डब्यातून जाणार आणि सोडायची की अडवायची, ते ग्राहक ठरवणार. थोडक्यात, मुंबईतल्या मुंबईत जायचं तरी व्हाया पाटोदा!

नगर, आष्टी, जामखेड हा रस्ता बरा आहे. पाणी मात्र भरपूर घ्या. पाटोद्यात स्टँडजवळ शंभर रुपयांत पिठलं-भाकरी पोटभर मिळते. ठेचा मागू नका, तो आपणहून येतो आणि पुरून उरतो.

डबा तासाभरात बसला. पण तो कुणाच्या ताब्यात? अध्यक्ष आणि उपाध्यक्षांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. शेवटी लोखंडी कपाट, दोन कुलपं आणि एकेकाला एक चावी, असा तोडगा निघाला.

"आत हवा लागणार नाही, तापेल," मी म्हणालो.

"तापू द्या, साहेब. ताबा आपला पायजे," दोघे एकदम म्हणाले. त्यांचं एवढं एकच एकमत मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा तापून बंद पडला आणि मुंबईला जाणारी दुधाची नोंदही अडकली. संगणकावर नोंद झाल्याशिवाय दूध थंड टाकीत ओतायचं नाही, हा संघाचा नियम. दूध केंद्र सांभाळणाऱ्या शोभाताईंपुढे कॅनची रांग लागली आणि ऊन चढायला लागलं. अध्यक्ष गेवराईला लग्नात. उपाध्यक्ष गावातच, पण अध्यक्ष आल्याशिवाय चावी काढायला तयार नाहीत.

"नासलं तर लोक मलाच बोलत्यात. तुमचा डबा लई शाना हाय, पन दुधाला कळतंय का ते?" शोभाताई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी फोन उचलला. अध्यक्षांना सांगितलं, "उपाध्यक्ष तुमचं कुलूप तोडाया बसलेत." मग उपाध्यक्षांना, "अध्यक्ष कपाट फोडाया निघालेत. मला कावून विचारता? तुमीच या, बघा."

उपाध्यक्ष पाच मिनिटांत हजर. अध्यक्षांची गाडी थेट मांडवातून आली, डोक्यावर फेटा तसाच. कपाट उघडलं, पंखा लावला, डबा सुरू झाला. नासले ते फक्त दोन कॅन. सावलीत जागा कमी होती, म्हणून शोभाताईंनी आपल्या म्हशींचं दूध उन्हात ठेवलं होतं.

पुण्यात साहेबांनी विचारलं, "ग्राहक खूश आहे ना?"

दोघेही खूश आहेत, मी म्हणालो. दुसऱ्याचा डाव वेळेवर उधळला, असं दोघांनाही वाटतंय. शोभाताईंचं विचारायचं साहेबांच्या मनात आलं नाही. आमच्या लेखी त्या ग्राहक नाहीत.