साहेबांचा चुनखडीचा कडा

"कडा सापडला!" म्हणत आमच्या सर्वेक्षण तुकडीच्या प्रमुखांनी, म्हणजे पार्टी चीफनी, माझ्या नकाशावर लाल पेन्सिलीने जाड रेघ ओढली. नकाशा तयार करायला मला अठरा दिवस लागले होते. रेघेला तीन सेकंद लागले.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही तारापूरसमोरच्या समुद्राचा तळ तपासत होतो. बोटीवरून पाण्यात डायनामाइटचा बार काढायचा. आवाज तळाखाली जातो आणि खडकावर आपटून परत येतो. त्याला किती वेळ लागला, त्यावरून खडकाची खोली कळते. सिस्मिक म्हणतात ते हेच. त्या समुद्राखाली चुनखडीचा एक अवाढव्य ओटा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात शिंपल्या-प्रवाळांचे थर साचून तो बनला आणि पुढे गाळाखाली गाडला गेला. अशा ओट्याच्या काठाशी तेलाची आशा असते. कडा सापडला, तर तिथे ड्रिलिंग होणार आणि श्रेय चीफना मिळणार.

मी बोईसरच्या भाड्याच्या खोलीत बसून रेकॉर्ड वाचायचो. मला कडा खटकला. दिवाळीआधी मारलेल्या रेषा, म्हणजे बार काढत बोट गेलेल्या वाटा, जिथे संपत होत्या आणि नंतरच्या सुरू होत होत्या, नेमका तिथेच तो उभा होता. कोट्यवधी वर्षांच्या ओट्याला आमच्या दिवाळीच्या सुट्टीचा पत्ता कसा लागला?

चीफना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही रेकॉर्ड वाचा. अर्थ मी लावतो."

समुद्रात बोट नेमकी कुठे आहे, हे किनाऱ्यावरच्या दोन रेडिओ मास्टवरून ठरायचं. मास्ट म्हणजे तारांनी ताणून उभा केलेला उंच खांब. तो हलला, तर त्यानंतरच्या सगळ्या रेषा नकाशावर सरकणार आणि जुन्या-नव्याच्या जोडावर खोटा कडा दिसणार. मी सायकल काढून तारापूरला गेलो. तिथला मास्ट रेस्ट हाउसच्या बागेमागे, छान सावलीत उभा होता. पहाऱ्यावर जानकीबाई होत्या, तिथल्याच मच्छीमार वस्तीतल्या.

"मास्ट पहिल्यापासून इथंच आहे?"

"नाय वो. आमी बोंबील वाळवतो, त्या वलांडीपाशी व्हता. तुमचा चीफ सायेब बोलला, वास मारतो. दिवालीच्या सुट्टीत बारा गडी लावून इथं आणला."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोनाला सांगणार? सायबाला तर ठावंच हाय."

जुन्या जागेपर्यंत मी पावलं मोजली. दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल भरला.

आणि मी गप्प बसलो. प्रोबेशनवर होतो. घाबरलो, याला दुसरा शब्द नाही.

आठवड्याने हेड ऑफिसचे मोठे साहेब ड्रिलिंगची जागा मंजूर करायला आले. त्यांनाही ती दिवाळी खटकली. "मास्ट हलला होता का?" त्यांनी थेट विचारलं.

चीफ क्षणभरही अडखळले नाहीत. "त्या पहारेकरीण बाईनं हलवला असेल. सर, आजच काढून टाकतो तिला."

आता मात्र राहवलं नाही. "सर, जानकीबाई एकटीनं मास्ट उचलत असतील, तर बोटीवर क्रेन कशाला ठेवलीय?"

मोठ्या साहेबांनी जीप काढायला सांगितली.

"खड्डे हायेत अजून," जानकीबाई म्हणाल्या. "या, दाखवते." त्या पुढे चालल्या. बोंबलांच्या रांगांमध्ये तारा बांधायचे सिमेंटचे ठोकळे तसेच होते. ज्यांच्या शोधाची तपासणी चालली होती ते चीफ नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. मोठ्या साहेबांनी स्वतः टेप धरली.

नंतरच्या सगळ्या रेषा मी नव्याने मांडल्या. कडा गेला. ओटा साध्या उताराने खोल पाण्याकडे उतरत होता. ड्रिलिंग रद्द झालं. जानकीबाईंची नोकरी राहिली.

चीफ हेड ऑफिसला गेले, वरच्या जागेवर. मास्टची चूक पकडणारी तपासणी "माझ्या मार्गदर्शनाखाली झाली", असं त्यांनी रिपोर्टात लिहिलं. माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं. कारण दिलं होतं, वरिष्ठांशी बोलण्याची पद्धत.

पुढे तीस वर्षं नोकरी केली. नकाशात काही विचित्र दिसलं की आधी यंत्र कोणी हलवलं का, ते विचारायचो. साहेबाला नाही, पहाऱ्यावरच्या माणसाला.