ताजिया वळला ती दुपार
केवड्याच्या सरबताचा वास आला की झाशीतला तो मोहरम आठवतो. आम्ही हिंदू, पण मी ताजियाला, म्हणजे ताबुताला, केलेल्या नवसाची, म्हणून मोहल्ल्याचा ताजिया दरवर्षी आमच्या दारी थांबे. आई सगळ्यांना सरबत देई आणि लोक मला ताजियाखालून नेत. त्या दुपारी ताशे ऐकून आई दारात येऊन उभी राहिली, पण ताजिया आमची गल्ली टाळून बड्या बाजाराकडे वळला. मी धावत जाऊन ताजिया बनवणाऱ्या चाचांना कारण विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "बेटी, तुम्हारे बाबा ही मना कर गए." घरी बाबा रडणाऱ्या आईची समजूत घालत होते, "शेवटी त्यांनीच आपल्याला परकं केलं गं." आज दोघंही नाहीत; आईला खरं न सांगून मीही तिला फसवलंच, असं वाटत राहतं.