बाई चुलीपाशी विचारायच्या तो प्रश्न

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात परिवीक्षा अधिकारी म्हणून नवी नवी लागले, तेव्हा माझ्या वरिष्ठ बाई म्हणजे नाकावर राग! तरी माझा त्यांच्यावर फार जीव. कैद्याला रजेवर घरी सोडावं का, याची चौकशी आमच्याकडे यायची. बायकापोरींवर हात टाकलेल्यांची प्रकरणं बाई स्वतःच घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "जेलर म्हणतात, वागणूक उत्तम आहे." बाई कडाडल्या, "अगं, आत लहान मुली आहेत का? तिथली वागणूक काय चाटायचीय?" असा माणूस पुन्हा तसंच करेल का, हे गुण देऊन ठरवायचे तक्ते हल्ली निघालेत म्हणे. आमच्याकडे एसटी होती आणि बाईंची जीभ.

एकदा मोहोळकडच्या गावात गेलो. शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार केला म्हणून तिथला एकजण शिक्षा भोगत होता. चावडीवर सरपंच म्हणाले, "लई गरीब हाय वो. सुदारला की आता." बाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ त्याच्या आईच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. म्हातारी हरखली होती. लेक येणार म्हणून तिनं भिंतीसुद्धा सारवल्या होत्या.

बाईंनी विचारलं, "लेक आला की मुलीकडच्या नातीलाही बोलवाल ना चार दिवस? मामाला भेटेल."

भाकरी थापणारा हात थांबला. "न्हाय. तिला न्हाय बोलवायची." तिनं तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "शेजारची पोर आत्ता कुटं अंगणात खेळाय लागलीया. त्याला हितं आणू नगा, बाई." आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. "पन मी न्हाय म्हनले, हे त्याला सांगू नगा."

"'नाही' मी म्हणतेय, आजी," बाई म्हणाल्या. "तुम्ही कुठं काय बोललात?"

रजा नामंजूर झाली. पुढं जेलात गेलो, तर त्यानं बाईंना नाही नाही ते सुनावलं. "माजी आय वाट बगत बसली असंल. काळीज हाय का तुमाला?" मी पेटले. तोंड उघडणार, तोच बाईंनी माझा हात दाबला. कुणाचा अर्धा शब्द ऐकून न घेणाऱ्या आमच्या बाई मुकाट उभ्या होत्या. त्याचं ओरडून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "आई बरी आहे तुझी. मी घेऊन येईन तिला भेटायला."